घरच्या घरी माउंटन बाइकची दुरुस्ती आणि सुधारणा: साताऱ्यातील नवख्या सायकलस्वारांसाठी

साताऱ्यात नवी माउंटन बाइक घेतलेल्या माणसाची पहिली मोठी फेरी बहुधा समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने होते, आणि सायकलची पहिली तक्रारही बहुधा त्याच रस्त्यावर सुरू होते. चढावर ऐन वेळी हलका गिअर पडत नाही, चेन कटकट आवाज करते, आणि परतताना उतारावर ब्रेक किंचाळू लागतो. अशा वेळी नवखा माणूस एक तर सायकल तशीच दामटत राहतो, किंवा हाती लागेल तो स्क्रू फिरवू लागतो. दोन्हींमुळे नुकसान होते, पण दुसऱ्याने अधिक होते, कारण मूळचा एक दोष बाजूला राहून त्यात आपल्या हातचे आणखी दोन मिसळतात आणि मग नेमके काय बिघडले होते हे जाणत्या मेकॅनिकलाही चटकन उमगत नाही. म्हणून या लेखातील सगळ्या कामांचा क्रम एकच ठेवला आहे: आधी स्वच्छता, मग निरीक्षण, मग पाना. नवा भाग घ्यायचा तो जुना झिजल्यावर, किंवा जुन्यामुळे नेमकी कोणती अडचण होते हे स्वतःला सांगता येऊ लागल्यावर.

आपल्या भागात काय झिजते

सायकलच्या पुस्तिकेत दिलेले देखभालीचे वेळापत्रक कुठल्याही गावाला लागू पडावे असे बेतलेले असते, पण सातारा जिल्ह्यात पश्चिमेची आणि पूर्वेची हवा इतकी वेगळी आहे की एकाच वेळापत्रकाने दोन्हीकडे भागत नाही. कास, बामणोली, ठोसेघर या बाजूला जांभा आहे. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात, आणि ते चेनवरच्या तेलात कालवले गेले की त्याचा जो राप तयार होतो तो पॉलिश पेपरासारखा चेन आणि दाते घासत राहतो. याउलट माण-खटावच्या बाजूला चिखल कमी, धूळ भरपूर आणि बाभळीचे काटे मुबलक, त्यामुळे तिकडे फिरणाऱ्याची चेन त्या मानाने टिकते, पण ट्यूब टिकत नाही.

तिसरी गोष्ट घाटाची. कास पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर आहे आणि शहर त्याच्या बरेच खाली. सायकल आणि स्वार यांचे मिळून वजन ८५ किलो धरले आणि घाटात ३०० मीटर उंची उतरली, तर साधारण २५० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी खर्ची पडावी लागते. एवढ्या उष्णतेत पाऊण लिटर पाण्याला उकळी फुटते. यातली काही वाऱ्याशी आणि रस्त्याशी झगडण्यात जाते, पण जो सतत ब्रेक दाबून सावकाश उतरतो त्याच्या बाबतीत बहुतेक सगळी उष्णता दोन पातळ डिस्क आणि चार छोटे पॅड यांनाच सोसावी लागते. आपल्याकडे चेन आणि ब्रेक पॅड हे दोन भाग सर्वांत आधी का जातात, याचे उत्तर एवढ्यात आहे.

हत्यारे

सुरुवातीला फार हत्यारे लागत नाहीत. २.५, ३, ४, ५, ६ आणि ८ मिलिमीटरच्या ॲलन की, डिस्कच्या बोल्टसाठी टी-२५ आकाराची चावी, चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, पेडलसाठी १५ मिलिमीटरचा पातळ पाना, टायर उतरवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, प्रेशर दाखवणारा पंप, चेन तोडायचे हत्यार आणि एक स्टीलची फूटपट्टी एवढ्यात वर्षभराची बहुतेक कामे होतात. ॲलन की मात्र चांगल्या घ्याव्यात. हलक्या प्रतीच्या चावीचे कोपरे पहिल्या काही महिन्यांतच गोल होतात आणि जाताना बोल्टचे तोंडही गोल करून जातात. तसा बोल्ट बाहेर काढणे हे घरी होण्यासारखे काम राहत नाही.

सायकल टांगण्यासाठी विकतचा स्टँड नसला तरी चालते. घरात झोपाळ्याच्या कड्या असतील तर त्यातून दोरी ओवून सीट अडकवावी, मागचे चाक जमिनीपासून वीतभर वर राहील एवढी उंची ठेवावी, आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी विटा लावाव्यात. माझी बरीचशी कामे अशीच होतात. सायकल हँडल आणि सीटवर उलटी ठेवण्याची पद्धत सोयीची वाटते, पण हायड्रॉलिक ब्रेक असतील तर टाकीतली हवा पाइपमध्ये सरकू शकते. तसे केलेच तर सायकल सरळ केल्यावर काही वेळ उभी ठेवून, लीव्हर दहा-पंधरा वेळा दाबून तो घट्ट लागतो याची खात्री करावी आणि मगच रस्त्यावर जावे.

धुणे आणि चेन

चिखलातून आल्यावर सायकल त्याच दिवशी धुवावी, कारण तांबडी माती वाळली की ती पाण्याने सुटत नाही, खरवडावी लागते, आणि खरवडताना रंग जातो. गाड्या धुण्याच्या ठिकाणचा जोराचा फवारा सायकलवर मारू देऊ नये. त्या दाबाने पाणी चाकाच्या मध्यातल्या हबमध्ये, हँडल जिथे वळते त्या हेडसेटमध्ये आणि पेडलच्या बुडाशी असलेल्या बेअरिंगच्या सीलमधून आत शिरते, ग्रीस धुऊन नेते, आणि महिन्याभराने चाक फिरवताना खरखर जाणवू लागते. बादलीभर पाणी, भांडी घासायच्या साबणाचे थोडे पाणी आणि दोन ब्रश पुरेत. एक ब्रश चेन आणि दात्यांसाठीच राखून ठेवावा आणि तो चुकूनही डिस्कला लावू नये.

चेन साफ करताना सायकलच्या उजव्या बाजूला बसावे. जुन्या सुती कापडाचा तुकडा रॉकेलमध्ये किंवा बाजारात मिळणाऱ्या डिग्रीझरमध्ये ओला करून त्यात चेनचा खालचा पट्टा धरावा आणि दुसऱ्या हाताने पेडल उलटे फिरवावे. कापड काळे झाले की घडी बदलावी. चार-पाच घड्या बदलल्यावर डाग फिकट होऊ लागतो. मग डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या, दोन छोट्या चक्रांवर चिकटलेला राप लाकडी काडीने खरवडावा, कारण नवख्यांची साफसफाई नेहमी तिथेच अपुरी राहते आणि स्वच्छ केलेली चेन पहिल्याच फेऱ्यात पुन्हा तो राप उचलते. शेवटी कोरड्या कापडाने पुसून चेन अर्धा तास तशीच वाळू द्यावी.

तेल घालण्याची रीत याहून महत्त्वाची आहे. चेनच्या प्रत्येक जोडावर जो लहान गोल रोलर असतो त्यावर एक थेंब, याप्रमाणे पूर्ण चेनभर शंभर-सव्वाशे थेंब लागतात. ते आतल्या बाजूने, म्हणजे दात्यांना टेकणाऱ्या बाजूने सोडावेत, पेडल मिनिटभर उलटे फिरवावे, दहा मिनिटे थांबावे आणि मग बाहेरून दिसणारे सगळे तेल कोरड्या कापडाने पुसून टाकावे. तेलाचे काम रोलरच्या आत असते. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते. मोटारसायकलचे इंजिन ऑइल किंवा शिलाई मशीनचे तेल वापरण्याचा मोह टाळावा. पहिले जाड असल्याने मातीला धरून ठेवते आणि दुसरे इतके पातळ असते की एका पावसात निघून जाते. जून ते सप्टेंबर सायकलच्या चेनसाठी मिळणारे वेट ल्यूब आणि दिवाळीनंतर ड्राय ल्यूब, असा बदल केला तर चेनचे आयुष्य लक्षात येण्याइतके वाढते.

आता फूटपट्टीचे काम. चेनच्या एका पिनचा मध्य पट्टीच्या शून्यावर धरावा आणि १२ इंचांच्या खुणेपाशी काय दिसते ते पाहावे. चेनचे दोन शेजारचे पिन अर्ध्या इंचावर असतात, त्यामुळे नव्या चेनचा चोविसावा पिन नेमका १२ इंचांवर येतो. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली आहे. एक अष्टमांश इंच पुढे गेला असेल तर मागच्या दात्यांचा संचही (कॅसेट) त्या चेनच्या मापाने झिजलेला असतो, आणि त्यावर नुसती नवी चेन चढवली तर ती जोर लावताच दात्यांवरून घसरते. हे मोजायला दर महिन्याला दोन मिनिटे लागतात, आणि तेवढ्याने कॅसेटचा खर्च वर्षानुवर्षे पुढे ढकलता येतो.

पंक्चर

पंक्चर काढणे बहुतेकांना माहीत असते, म्हणून फक्त चुका होतात तेवढेच सांगतो. ट्यूबला भोक कुठे पडले ते सापडल्यावर लगेच ठिगळ लावण्याआधी भोक पाहून कारण ओळखावे. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना दगडावर आपटून ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेपली. आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकून एखाद्या स्पोकचे टोक लागते आहे, आणि पट्टी नीट केल्याशिवाय कितीही ठिगळे लावली तरी उपयोग नाही.

बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि त्याचे टोक बोटाला लागेपर्यंत दिसत नाही. त्यासाठी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. जिथे काटा असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. काटा बाहेरून चिमट्याने निघत नसेल तर आतून खिळ्याच्या टोकाने बाहेर ढकलावा. ठिगळाची जागा पॉलिश पेपरने घासावी, सोल्युशनचा पातळ थर द्यावा आणि तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत चार-पाच मिनिटे थांबावे. ओल्या सोल्युशनवर ठिगळ दाबणे ही घरच्या पंक्चरची सर्वांत मोठी चूक आहे.

हवा किती भरावी हे टायरच्या कडेवर लिहिलेल्या दोन आकड्यांच्या दरम्यान ठरते. ७० किलो वजनाच्या स्वाराने २.२ इंच रुंदीच्या ट्यूबच्या टायरमध्ये खडबडीत वाटेसाठी ३० ते ३५ पीएसआय आणि डांबरी रस्त्यासाठी ४० च्या आसपास हवा ठेवून पाहावी, पुढच्या चाकात दोन-तीन पीएसआय कमी ठेवावी, आणि तिथून आपल्या अनुभवाने आकडा हलवावा.

चाक परत बसवताना क्विक रिलीजकडे, म्हणजे चाक पान्याशिवाय काढता-घालता येणाऱ्या लीव्हरकडे, लक्ष द्यावे. हा लीव्हर नटासारखा फिरवत घट्ट करायचा नसतो. पलीकडचा नट हाताने फिरवून असा बेताने लावायचा की लीव्हर एक्सलच्या रेषेत सरळ बाहेर आला असताना जोर लागायला सुरुवात व्हावी आणि पूर्ण मिटवताना तळहातावर त्याचा वळ उठावा. सहज मिटला तर तो सैल आहे.

गिअर

गिअर नीट पडत नाही म्हणजे मागच्या डिरेलरचे स्क्रू हलले, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ते स्क्रू आपोआप सहसा हलत नाहीत. दोष बहुतेक वेळा केबलमध्ये किंवा हँगरमध्ये असतो, म्हणून स्क्रू ड्रायव्हर हाती घेण्याआधी या दोन गोष्टी पाहाव्यात.

हँगर म्हणजे डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो फ्रेमच्या मागच्या टोकाचा छोटा धातूचा तुकडा. सायकल उजव्या कुशीवर पडली की तो आतल्या बाजूला वाकतो, आणि फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दामच मऊ केलेला असतो. सायकलच्या मागे उकिडवे बसून एक डोळा मिटून पाहावे: डिरेलरची दोन छोटी चक्रे आणि मागची दात्यांची चकती एकाच उभ्या रेषेत दिसायला हवीत. खालचे चक्र स्पोककडे झुकलेले दिसले तर हँगर वाकला आहे, आणि तो सरळ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय पुढचे कुठलेही काम करण्यात अर्थ नाही. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. सायकल घेतली त्याच दुकानातून एक जादा हँगर मागवून ठेवावा, कारण ऐन वेळी तो पोवई नाक्यावरच काय, पुण्यातही चटकन मिळेल याची खात्री नसते.

केबल तपासताना सर्वांत लहान चकतीवर चेन आणून केबलचा ताण सोडावा आणि डिरेलरजवळच्या शेवटच्या वळणाचे बाहेरचे आवरण थोडे मागे सरकवावे. पावसाळ्यानंतर तिथे आतली तार तपकिरी झालेली आणि चिखलाने जड झालेली आढळते. तार अशी अडकू लागली की लीव्हरने सोडलेली चेन खाली उतरायला वेळ घेते, आणि हा दोष स्क्रूने कधीच जात नाही. तार आणि आवरण दोन्ही बदलावेत. इथे एक धोका स्पष्ट सांगतो: गिअरचे आवरण आणि ब्रेकचे आवरण दिसायला सारखे असले तरी गिअरच्या आवरणात तारा लांबीच्या दिशेने असतात आणि ब्रेकच्या आवरणात धातूची पट्टी वेटोळ्याने गुंडाळलेली असते. गिअरचे आवरण ब्रेकला वापरले तर जोरात दाबल्यावर ते फुटू शकते.

हँगर सरळ आणि केबल मोकळी असल्याची खात्री झाल्यावर जुळवणी सुरू करावी. चेन सर्वांत लहान चकतीवर ठेवून पेडल फिरवत लीव्हर एकदाच दाबावा. चेन शेजारच्या मोठ्या चकतीवर चढली नाही, किंवा चढताना रेंगाळली, तर केबलला ताण कमी आहे: डिरेलरवर किंवा लीव्हरपाशी केबल जिथे शिरते तिथला बोटाने फिरणारा ॲडजस्टर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावा. चेन एकदम दोन चकत्या चढली किंवा उतरताना रेंगाळली तर ताण जास्त आहे, म्हणून उलट बाजूला पाव फेरा. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पुन्हा गिअर टाकून पाहावा. एका वेळी एकच बदल आणि तोही पाव फेऱ्याचाच, हा नियम पाळला तर काम दहा मिनिटांत होते. न पाळला तर संपूर्ण रविवार जातो.

एच आणि एल ही अक्षरे असलेल्या दोन स्क्रूंचे काम गिअर जुळवण्याचे नाही, डिरेलरला दोन्ही टोकांना कुंपण घालण्याचे आहे. चेन सर्वांत लहान चकतीच्या बाहेर फ्रेमकडे पडत असेल तरच एच, आणि सर्वांत मोठ्या चकतीवरून स्पोकमध्ये पडत असेल तरच एल पाव फेरा घट्ट करावा. एलच्या बाबतीत हयगय करू नये. ऐन चढावर चेन स्पोकमध्ये गेली तर डिरेलर, हँगर आणि चाक तिन्ही एकदम जाऊ शकतात.

ब्रेक

यवतेश्वरच्या घाटात ज्या गोष्टीने मला खरी भीती दाखवली ती माझ्या स्वतःच्या अंगणात घडली होती. शनिवारी संध्याकाळी चेनला फवाऱ्याच्या डब्यातून तेल मारले. वारा होता, आणि तेलाचा बारीक तुषार मागच्या डिस्कवर गेला हे मला दिसले नाही. रविवारी सकाळी चढताना काहीच कळले नाही. उतरताना पहिल्याच मोठ्या वळणाआधी मागचा ब्रेक दाबला तेव्हा तो लांब सुरात किंचाळला आणि सायकलचा वेग जवळजवळ तसाच राहिला. पुढच्या ब्रेकवर, टप्प्याटप्प्याने थांबत, डिस्क गार होऊ देत मी खाली आलो. घरी पॅड काढून पाहिले तेव्हा एरवी करड्या मातकट रंगाचा त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा काळा चकचकीत झाला होता आणि नखाने ओरखडा काढला तर नखाला तेल लागत होते. तेव्हापासून चेनला तेल थेंबाथेंबानेच घालतो आणि त्या वेळी डिस्कवर जुनी पिशवी बांधतो.

तेल लागलेली डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की स्वच्छ होते. रेझिनचे पॅड मात्र तेल शोषून घेतात. वरचा थर पॉलिश पेपरने घासून कधी कधी काम भागते, पण घाट उतरणाऱ्याने त्यावर विसंबू नये, नवे घालावेत. पॅडची जाडीही दर महिन्याला पाहावी: मागच्या धातूच्या पत्र्यावर घासणारा थर एक मिलिमीटरच्या खाली आला की पॅड बदलायचा. नवे पॅड घेताना रेझिन आणि मेटल असे दोन प्रकार विचारले जातात. मेटलचे पॅड चिखलात आणि उष्णतेत जास्त टिकतात पण आवाज करतात, आणि काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरावेत असे कोरलेले असते, ते वाचूनच खरेदी करावी.

पॅड बदलण्यासाठी चाक काढावे, पॅडची पिन किंवा स्क्रू काढावा, जुने पॅड आत असतानाच प्लॅस्टिकच्या पट्टीने पिस्टन हळूच मागे सारावेत आणि मग नवे पॅड त्यांच्या स्प्रिंगसह बसवावेत. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये चाक बाहेर असताना लीव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात, म्हणून पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवण्याची सवय लावावी. चाक बसवल्यावर डिस्क एका बाजूला घासत असेल तर पॅड ज्यात बसतात त्या कॅलिपरचे दोन्ही बोल्ट थोडे सैल करून लीव्हर दाबून धरावा आणि दाबलेला असतानाच दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करावेत. केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो. अशा ब्रेकमध्ये आतला स्थिर पॅड ॲलन कीने फिरवून डिस्कच्या केसभर अंतरावर आणावा आणि नंतरच केबल ताणावी.

नवे पॅड लगेच घाटात नेऊ नयेत. सपाट रस्त्यावर मध्यम वेग घेऊन पूर्ण न थांबता वेग कमी करणे, असे वीस-पंचवीस वेळा केले की पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि पकड येते. हायड्रॉलिक ब्रेकचे तेल बदलण्याचे काम नवख्याने पहिल्या वर्षी हाती घेऊ नये, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी: शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते आणि दुसऱ्या काही ब्रेकमध्ये मोटारीसारखे डॉट ब्रेक ऑइल. एकाच्या जागी दुसरे गेले तर सील खराब होतात. कुणाकडेही काम दिले तरी कोणते तेल घालणार हे विचारावे.

पेडल, हेडसेट, चाक

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे माहीत नसताना जोर लावला की क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसते त्या दांडीचे, आटे जातात आणि पूर्ण क्रँक बदलावी लागते. दिशा आठवत नसेल तर पाना पेडलवर उभा बसवून मागच्या चाकाकडे ओढावा. दोन्ही बाजूंची पेडल अशीच सुटतात. बसवताना आट्यांना ग्रीस लावून पहिले चार फेरे बोटांनीच फिरवावेत.

हेडसेटमध्ये खेळ आहे का हे पाहण्यासाठी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी आणि दुसरा हात हेडसेटच्या सांध्यावर ठेवावा. टकटक जाणवली तर आधी हँडल धरणाऱ्या स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करावेत, मग वरच्या टोपीचा बोल्ट टकटक जाईपर्यंतच आवळावा, आणि शेवटी हँडल चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट घट्ट करावेत. बाजूचे बोल्ट सैल न करता वरचा आवळला तर काहीच होत नाही आणि तो तुटतो.

चाक आऊट झाले, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलत असेल तर पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कला एक झिप टाय बांधून त्याचे टोक रिमजवळ आणावे म्हणजे रिम कुठे सरकते ते दिसते. रिम उजवीकडे सरकत असेल तर त्या जागेचे डावीकडून येणारे स्पोक पाव फेरा घट्ट आणि उजवीकडचे पाव फेरा सैल करावेत. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचे आऊट एवढ्याने निघते.

सुधारणा

सुधारणेसाठी पैसे हाती आले की सर्वांची नजर आधी पुढच्या फोर्ककडे आणि गिअरकडे जाते. माझे मत असे की पहिला खर्च टायरवर करावा. जमिनीला टेकणारा भाग तोच आहे, आणि स्वस्त सायकलींवर येणाऱ्या कडक रबराच्या टायरपेक्षा चांगला टायर ओल्या जांभ्यावर किती वेगळा वागतो हे पहिल्याच उतारावर कळते. टायरच्या कडेवर चाकाचे माप लिहिलेले असते: ५५९ म्हणजे २६ इंची, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस, ६२२ म्हणजे एकोणतीस. इंचांऐवजी हा तीन अंकी आकडा सांगून टायर मागवला तर चूक होत नाही. काट्यांच्या भागात फिरणाऱ्याने रिम ट्यूबलेससाठी योग्य असेल तर ट्यूबलेस जरूर करावे. मात्र भोक बुजवणारे आतले पातळ सीलंट आपल्या उन्हाळ्यात काही महिन्यांतच वाळते, त्याची भर घालत राहावी आणि पिशवीत एक ट्यूब ठेवावीच. त्यानंतर पेडल, ग्रिप आणि सीट, म्हणजे शरीर जिथे सायकलला टेकते ती ठिकाणे. त्यानंतर ब्रेक: डिस्क १६० मिलिमीटरवरून १८० वर नेली तर पकड वाढते आणि उष्णताही अधिक सोसली जाते, पण फोर्कला ते माप चालते का हे आधी पाहावे.

पुढे तीन चकत्यांऐवजी एकच चकती करण्याची सुधारणा फार लोकप्रिय आहे, आणि तिच्यात छुपा खर्चही फार आहे, म्हणून ती उदाहरणाने पाहू. समजा पुढे ४२-३४-२४ दात्यांच्या तीन चकत्या आणि मागे १४ ते २८ दाते अशी सात गिअरची साधी सायकल आहे. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक २४ भागिले २८, म्हणजे ०.८६ फेरे फिरते. एकोणतीस इंची चाकाचा घेर सुमारे २.३ मीटर असल्याने सायकल जवळजवळ दोन मीटर पुढे जाते. आता पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे ११ ते ४२ असा संच बसवला तर तेच गुणोत्तर ०.७६ होते आणि सायकल एका फेऱ्यात पावणेदोन मीटर जाते. चढ हलका होतो, आणि वरच्या टोकाचा गिअरही ३.० वरून २.९ एवढाच उतरतो.

पण सात गिअरच्या साध्या सायकलीत मागे बहुधा आट्यांवर बसणारे फ्रीव्हील असते, आणि ११ ते ४२ दात्यांची कॅसेट त्या हबवर बसत नाही. ओळखण्यासाठी मागच्या चकत्या उलट्या फिरवाव्यात: मधली खाचांची कडी चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, स्थिर राहिली तर फ्रीव्हील. फ्रीव्हील असेल तर मागचे चाक किंवा निदान हब बदलावा लागतो. शिवाय कॅसेटबरोबर डिरेलर, लीव्हर आणि चेन एकमेकांशी जुळणारी लागतात. शिमानोच्या ९ गिअरच्या आणि १० गिअरच्या माउंटन बाइक डिरेलरना लागणारी केबलची ओढ वेगळी आहे, त्यामुळे एकाचा लीव्हर आणि दुसऱ्याचा डिरेलर घेतला तर गिअर कधीच जुळत नाहीत. सगळ्याची बेरीज जुन्या सायकलच्या किमतीच्या आसपास गेली तर तो पैसा पुढच्या सायकलसाठी राखून ठेवावा आणि तूर्त मागे त्याच मापाचे मोठ्या दात्यांचे फ्रीव्हील डिरेलरला चालते का एवढे पाहावे.

फोर्क बदलताना तीन मापे घेऊन जावीत. पहिले माप हेड ट्यूबचे, म्हणजे फोर्कची वरची नळी (स्टिअरर) फ्रेमच्या ज्या नळीतून वर येते तिचे: नळी वरपासून खालपर्यंत सव्वा इंचाच्या आतल्या सरळ स्टिअररसाठी आहे की खाली दीड इंचापर्यंत रुंद होणाऱ्या स्टिअररसाठी, हे पाहावे, कारण रुंद होणारा स्टिअरर साध्या सरळ हेड ट्यूबमध्ये जात नाही. दुसरे माप पुढच्या एक्सलचे. तिसरे जुन्या फोर्कच्या प्रवासाचे, म्हणजे तो किती मिलिमीटर दबतो याचे. ८० किंवा १०० मिलिमीटरच्या फोर्कसाठी बनवलेल्या फ्रेमवर १४० मिलिमीटरचा फोर्क बसवला तर हँडल वर उचलले जाते, चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटते आणि फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर तिने सोसायचा नव्हता असा ताण येतो. स्टिअररची नळी कापणे, हेडसेटचे कप दाबून बसवणे आणि फोर्कच्या आतले सील बदलणे ही तीन कामे मी आजही स्वतः करत नाही. ती हत्यारे असलेल्या मेकॅनिककडे द्यावीत, आणि नळी कापण्याआधी स्टेमखालचे सगळे स्पेसर लावून हँडलची उंची दोनदा तपासून घ्यावी.